तिसरं वळण, डावा कोपर

सकाळचा चहा आटोपला होता आणि डॉक्टर सोफ्याच्या हातावर दोन्हीकडे पाय टाकून बसले होते. बसले होते म्हणजे अर्धे बसले होते, उरलेले अर्धे उजवीकडे हवेत होते. उजवा गुडघा फरशीपासून वीतभर वर, छाती उशीला टेकलेली, हातांत लाटणं आडवं धरलेलं आणि चेहऱ्यावर एरवी रोग्याची अक्कलदाढ उपटताना असतो तसला भाव.

"सरक जरा," त्यांची बायको म्हणाली. "मला कपाट उघडायचंय."

"थांब. वळणात आहे."

"कधी संपणार वळण?"

"संपत नाहीये, तिथेच तर घोडं अडलंय."

खिडकीजवळच्या खुर्चीत डॉक्टरांच्या आई नातीची वेणी घालत बसल्या होत्या. नात एवढीशी म्हणून तिला घरात सगळे टिल्ली म्हणत. आजींनी चष्म्यावरून मुलाकडे एकवार बघून घेतलं. "लहानपणी तीनचाकीवरून पडायचा," त्या टिल्लीला म्हणाल्या. "तीही उभी असताना."

"बाबा, तुम्ही बसताय का पडताय?" टिल्लीने विचारलं.

"दोन्हीच्या मधे, बाळा. त्यालाच वळण घेणं म्हणतात."

डॉक्टर दातांचे. दिवसभर दुसऱ्याच्या तोंडात वाकून बघायचं आणि संध्याकाळी ताठ झालेली मान घेऊन घरी यायचं, असा त्यांचा दिनक्रम. पण त्यांच्याकडे एक मोटरसायकल होती. लाल, बुटकी, पुढे वाकलेली. बघणाऱ्याला उभी असतानाही निघालेली वाटावी अशी. टिल्ली झाल्यापासून बायकोने ती रस्त्यावर काढायला बंदी केली होती. तेव्हा डॉक्टरांनी शर्यतीचा ट्रॅक शोधून काढला. गावाबाहेर होता, आणि तिथे एक जुने शर्यतपटू रविवारी गाडी चालवायला शिकवत. "रस्त्यावर समोरून ट्रक येतो," डॉक्टरांनी वाद घातला होता, "ट्रॅकवर सगळे एकाच दिशेला जातात." लग्न झाल्यापासून डॉक्टरांनी जिंकलेला तो एकमेव वाद.

ट्रॅकवर शिकणाऱ्यांचे गट होते. नवख्यांच्या दंडावर पांढरी पट्टी, बऱ्यापैकी जमणाऱ्यांच्या पिवळी आणि तयार झालेल्यांच्या लाल. डॉक्टर पांढऱ्यात होते. त्यांच्याबरोबर आलेले सगळे पिवळ्यात गेले होते, त्यांच्या मागून आलेलेही गेले होते. एकाची तर दाढ डॉक्टरांनी शुक्रवारी काढली, आणि तो रविवारी सुजलेला गाल घेऊन पिवळ्यात गेला.

शेवटी बायकोनेच निकाल लावला. "पोहता न येणारा काठावर बसतो," ती म्हणाली, "चांगलं येणारा परत येतो. बुडतो तो थोडंसं येणारा. तुला थोडंसं येतं, तेच मला नकोय. येत्या रविवारी पिवळी पट्टी मिळाली तर गाडी राहील. नाही मिळाली तर विकायची."

गिऱ्हाईकही तयार होतं. वरच्या मजल्यावर राहणारे विम्याचे एजंट, ज्यांना सगळी इमारत विमावाले म्हणे, त्यांची कधीपासून लाल गाडीवर नजर होती. त्यांना ती चालवायची नव्हती. नुसती ठेवायची होती. बायकोला हे गिऱ्हाईक एकदम पसंत पडलं.

तेव्हा ह्या इमारतीत सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. डॉक्टरांना ठाऊक होतं की हा आठवडा शेवटचा. विमावाल्यांना ठाऊक होतं की रविवारी संध्याकाळी किल्ली मिळणार. आणि बायकोला ठाऊक होतं, की आपल्याला काहीही करायचं नाहीये. नुसतं गप्प बसायचंय. नवऱ्याचं वाईट व्हावं असं तिच्या मनात चुकूनही नव्हतं. तिला फक्त गाडीचं वाईट व्हायला हवं होतं.

आता गप्प बसणं काही अवघड काम नाही. पण ती काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात तपासणीवर होती. सरकत्या पट्ट्यावरून बाटल्या येत, आणि त्यांतली तडकलेली, बुडबुडा राहिलेली, गळ्याशी वाकडी झालेली तिने बाजूला काढायची. इतकी वर्षं हेच केल्यावर माणसाचे डोळे घरी येऊनही थांबत नाहीत. भिंतीवरचं तिरकं चित्र, शर्टाचं सुटू पाहणारं बटण, टेबलाच्या कडेला आलेला पेला हे सगळं तिला दिसे, आणि दिसलं की तोंडून निघे. ह्याला गुण म्हणावं की खोड, ह्यावर सासूसुनेचं एकमत नव्हतं.

तर कपाट उघडायला ती पुढे झाली, आणि झालं.

"तू फरशी बघतोयस," ती म्हणाली.

"कोण, मी?"

"मान वळवलीयस, पण डोळे खाली आहेत. फरशीवर काय आहे?"

"काही नाही."

"मग बघतोस कशाला? तुमचे मास्तर काय बघायला सांगतात?"

"वळणाचा शेवट. ते म्हणतात नजर जिथे, गाडी तिथे. खड्ड्याकडे बघितलं की गाडी खड्ड्यात. जायचंय तिकडे बघायचं."

"मग तू फरशी का बघतोयस?"

डॉक्टरांनी क्षणभर विचार केला. "पडलो तर तिथे पडेन म्हणून."

ह्यावर एखादी बायको हसली असती. ही कपाटाच्या दाराला हात लावून तशीच उभी राहिली. "म्हणजे भीती वाटते तिकडे बघतो आपण," ती हळूच म्हणाली, "आणि बघतो म्हणून तिकडेच जातो?"

"मास्तर असंच म्हणतात."

"खरं असेल का रे हे?"

दुपारी टिल्ली दुधाचा पेला घेऊन स्वयंपाकघरातून निघाली. अशा वेळी तिची आई नेहमी म्हणे, "सांडशील हं, सांडशील," आणि टिल्ली पेल्याकडे बघत बघत शहाण्यासारखी दूध सांडे. आज आई म्हणाली, "टेबलाकडे बघ." टिल्लीने टेबलाकडे बघितलं आणि पेला टेबलावर नेऊन ठेवला. काठोकाठ भरलेला, थेंब न सांडता.

आईने पेल्याकडे बघितलं, टिल्लीकडे बघितलं, आणि दुसरा पेला पाण्याने भरून तिच्या हातात दिला. "आता हा खिडकीपाशी ने. खिडकीकडे बघ." तोही गेला. मग तिसरा. टिल्लीला खेळ आवडला. आजींच्या खुर्चीभोवती एकूण एक पेले जमा झाले तेव्हा आजी म्हणाल्या, "अगं, मला तहान नाही."

त्या रात्री जेवताना तिने नवऱ्याला सांगितलं, "पट्ट्यावर मला पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं. समोरची बाटली बघत बसलं की पुढच्या निसटतात. येणारीकडे बघायचं. समोरची आपोआप दिसते. तू दिवसभर एका दाताकडे बघतोस ना, नाकापासून हातभर अंतरावर. तुझे डोळे तिथेच अडकलेत."

"हे तू मला का सांगतेयस?" डॉक्टरांनी जपून विचारलं. "तुला तर गाडी विकायचीय."

"विकायचीच आहे," ती म्हणाली. "पण म्हणून चुकीचं लटकायचं?"

दुसऱ्या दिवशी सोफ्याचा हात मोडला. डॉक्टर वळणाच्या शेवटाकडे बघत असल्यामुळे त्यांना ते आधी कळलं नाही. मग तालीम खाली गाडी ठेवायच्या जागेत हलली. मोटरसायकलचं मागचं चाक लोखंडी स्टँडवर चढवलं, डॉक्टर तिच्यावर बसले आणि उजवीकडे लोंबकळले. डावीकडे तोल सांभाळायला बायको हँडल धरून उभी राहिली.

"अजून बाहेर ये," ती म्हणाली.

"अजून?"

"मी फोटो बघितलेत. त्या लोकांचं अर्धं बूड सीटच्या बाहेर असतं. तुझं सगळंच आत आहे. तू नुसती मान काढतोयस, कासवासारखी."

डॉक्टरांनी बूड बाहेर काढलं. त्याबरोबर त्यांचा डावा पाय सीटवरून घसरला, बुटाची लेस कुठेशी अडकली, आणि डॉक्टर गाडीच्या कुशीला लोंबू लागले. गाडी स्टँडवरून उजवीकडे झुकायला लागली. डावीकडून बायकोने जीव खाऊन ओढली. आता नवऱ्याला सोडवायला जावं तर गाडी त्याच्यावर पडते आणि गाडी धरून राहावं तर नवरा लोंबतच राहतो, अशी अवस्था झाली. नेमके विमावाले तेव्हा खाली आले. ते रोज संध्याकाळी एक मऊ फडकं घेऊन येत आणि आपली होऊ घातलेली गाडी पुसून जात.

"थांबा, थांबा," म्हणत ते धावले आणि त्यांनी दोन्ही हातांनी पेट्रोलची टाकी धरली.

"मला धरा," खालून डॉक्टर म्हणाले.

"आधी गाडी सरळ करू."

"आधी मला काढा हो."

"डॉक्टर, तुम्ही मऊ आहात. हिला एकदा चरा पडला की जात नाही."

गॅलरीतून आजी हे सगळं बघत होत्या. गाडी सरळ झाली, डॉक्टर मोकळे झाले, विमावाल्यांनी टाकीवरून तीनदा फडकं फिरवलं, तेव्हा त्या वरून म्हणाल्या, "अरे, इतका खटाटोप कशाला? ही टिल्लीला कडेवर घेते तसा बस की."

खाली तिघांनीही वर बघितलं. मग बायकोने टिल्लीला हाक मारली आणि उचलून कडेवर घेतलं, नेहमीसारखं. कंबर एका बाजूला बाहेर गेली, पोरीचं सगळं वजन त्या कंबरेवर आलं, वरचं अंग सैल राहिलं, दुसरा हात मोकळा, आणि नजर वेगळीकडेच. डॉक्टर तिच्याभोवती एक चक्कर मारून आले.

"हेच," ते म्हणाले. "मास्तर अगदी हेच सांगतात. वजन खाली, वरचं अंग सैल. तू हे कधी शिकलीस?"

"शिकतंय कोण? एका हाताने भाजी ढवळायची असते."

डॉक्टर स्वतः टिल्लीला दोन्ही हातांनी पोटाशी धरत, गॅसचं सिलिंडर उचलल्यासारखं. त्या दिवसापासून त्यांनी तिला कडेवर घेऊन फिरायला सुरुवात केली. जिन्यात, गच्चीवर, गल्लीच्या टोकापर्यंत. टिल्लीची चैन झाली. मात्र सवय दवाखान्यातही गेली. रोग्याच्या खुर्चीशी डॉक्टर एका कंबरेवर झुकून उभे राहू लागले, वरचं अंग सैल सोडून, आणि यंत्र चालू करताना त्यांची नजर खिडकीबाहेर जाऊ लागली. एका बाईंनी तोंडातली नळी बाजूला करून त्यांना सांगितलं, "डॉक्टर, दात इकडे आहे."

घरी बायको मान, खांदे, कंबर, टाच सगळं तपासत होती. रात्री टिल्ली झोपली की ती फोनवर कुठल्या कुठल्या शर्यती बघे, चित्र थांबवून, मोठं करून. "हा बघ," ती म्हणे, "ब्रेक सगळा वळणाच्या आधीच लावून मोकळा होतो. वळणात काही करतच नाही. तू वळणात काय काय करतोस?"

"प्रार्थना," डॉक्टर म्हणत.

रविवारी ती ट्रॅकवर गेली. एरवी ती घरी बसून फोनकडे बघत असे, आणि फोन वाजला की पहिल्याच घंटीला उचले. ह्या वेळी टिल्लीला आजींकडे सोपवून ती निघाली. एकदाचं संपतंय ते डोळ्यांनी बघावं, असं तिने सासूला सांगितलं. खरं म्हणजे तिला त्याची मान वळते की नाही ते बघायचं होतं.

मास्तर उंच, वाळके, कमी बोलणारे गृहस्थ होते. परीक्षा तिसऱ्या वळणावर असे. ते लांबलचक उजवं वळण. बाहेरच्या बाजूला गवत, आणि गवताच्या पलीकडे जुन्या टायरांची छातीएवढी भिंत. त्या भिंतीमागे मास्तर उभे राहत. बायको त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"कोणाच्या?" मास्तरांनी विचारलं.

"डॉक्टरांची."

"हं," मास्तर म्हणाले. त्या हंमध्ये पुष्कळ काही होतं.

पांढऱ्या पट्टीवाले एकेक करून येऊ लागले. मग लाल गाडी दिसली. बायकोने टायर घट्ट धरले. गाडी सरळ आली, वेळेवर हळू झाली, डॉक्टरांची कंबर बाहेर आली, गुडघा बाहेर आला, खांदे सैल होते. मान वळली. वळता वळता त्यांना टायरांमागे बायको दिसली.

गाडी वळलीच नाही. ती शिस्तीत, एका सरळ रेषेत, ट्रॅक सोडून गवतात शिरली, आचके देत पुढे आली, हळू होत गेली, आणि टायरांच्या भिंतीला पुढचं चाक टेकवून बायकोच्या अगदी समोर उभी राहिली. डॉक्टरांनी हेल्मेटची काच वर केली.

"तू इथे काय करतेयस?"

"उभी आहे."

"डॉक्टर," मास्तर म्हणाले, "नजर कुठे होती?"

"हिच्याकडे, सर."

मास्तरांनी गवतातली चाकाची खूण बघितली. "इतकी वर्षं शिकवतोय," ते मग म्हणाले. "लोक झाडाकडे बघून झाडावर जातात, खांबाकडे बघून खांबावर जातात. बायकोवर आलेले तुम्ही पहिले. जा, परत या."

"मी खाली बसते," बायको म्हणाली. "दिसलेच नाही तर येणार नाही." आणि ती टायरांमागे उकिडवी बसली. पुढच्या फेरीला गाडीचा आवाज जवळ आला, हळू झाला, आणि मग पुन्हा तो गवताचा खसखस आवाज. तिने डोकं वर काढलं. पुढचं चाक भिंतीला टेकलेलं होतं.

"आता काय झालं?"

"तू दिसली नाहीस," डॉक्टर म्हणाले. "म्हटलं, कुठे गेली?"

मास्तरांनी टोपी काढून डोकं खाजवलं. मग ते लांबवर हात दाखवून म्हणाले, "वहिनी, एक काम करा. तिकडे, वळण संपून सरळ रस्ता लागतो ना, त्या पुढच्या भिंतीमागे जाऊन उभ्या राहा. ह्यांना तुमच्याकडेच बघायचंय तर निदान तिथे बघू द्या."

ती कुंपणाच्या कडेने चालू लागली. वाटेत चहाची टपरी होती, तिच्यापुढे बाकडं होतं, सावली होती. तिच्या ध्यानात आलं की आपण इथे बसलो तर विषय संपला. तो शोधत राहील, गवतात जाईल, आणि संध्याकाळी विमावाले किल्ली घेऊन जातील. काही करायचं नव्हतं, नुसतं बसायचं होतं. ती बाकड्याशी थांबलीसुद्धा. पण टिल्लीच्या पेल्यांसारखं हे खरंच होतं का, इतक्या लांबून, इतक्या वेगात, हे बघितल्याशिवाय तिला चहा गोड लागला नसता. आणि दोनदा तो माणूस सगळा ट्रॅक सोडून आपल्यापाशी येऊन थांबला होता, त्याचंही काहीतरी मनात घुटमळत होतं. ती पुढे गेली आणि दिसेलशी उभी राहिली.

लाल गाडी आली. डॉक्टरांची मान वळली, नजर वळण ओलांडून थेट तिच्यापर्यंत आली, आणि गाडी नजरेमागोमाग, दोऱ्याने ओढल्यासारखी. गुडघा जमिनीला लागतो की काय इतका खाली गेला. तिच्या समोरून गाडी गेली तेव्हा ती टाळी वाजवत होती, आणि आपण टाळी वाजवतोय हे तिला मागाहून कळलं.

पुढच्या फेरीलाही तसंच. गंमत म्हणजे बाकीचे पांढऱ्या पट्टीवालेही, वळणाच्या शेवटी ही कोण बाई उभी आहे म्हणून बघायला लागले, आणि त्यांचीही वळणं सुधारली. मास्तर लांब ढांगा टाकत तिच्यापाशी आले. "वहिनी, पुढचे रविवार रिकामे आहेत का तुमचे?" त्यांनी विचारलं. त्यांच्या हातात पिवळी पट्टी होती.

ती पट्टी बघून तिचा जीव भांड्यात पडला. आता तिला ती हवी होती. सकाळी नको होती तितकीच हवी होती. डॉक्टर अजून एक फेरी मारत होते. दोघं ती बघत उभे राहिले. गाडी वळली, झुकली, समोरून गेली.

"झालं तर मग," मास्तर म्हणाले. "छान दिसलं. नाही का?"

"हो," ती म्हणाली. "डावा कोपर सोडून."

मास्तरांनी तिच्याकडे बघितलं. तिनेही दचकून तोंडावर हात ठेवला, पण बाटली पट्ट्यावरून उचलून झाली होती.

"काय डावा कोपर?"

"काही नाही."

"वहिनी."

"वळण संपत आलं की तो डावा हात ताठ करतो," ती पुटपुटली. "हात ताठ झाला की हँडल ढकललं जातं आणि गाडी बाहेर सरकते. वीतभरच. तीन फेऱ्यांत तिन्ही वेळा सरकली. पण बाकी सगळं छान आहे हो. खरंच छान आहे."

मास्तरांनी डॉक्टरांना हाताने आणखी एक फेरी मारायची खूण केली, आणि ह्या वेळी नुसता कोपर बघितला. मग त्यांनी पिवळी पट्टी घडी करून खिशात ठेवली. "वेग कमी आहे म्हणून वीतभर," ते म्हणाले. "पिवळ्यांच्या वेगात तीच वीत गवतापर्यंत नेते. मला दिसलं नव्हतं."

परतीच्या वाटेवर लाल गाडी भाड्याच्या टेम्पोत पुढे होती आणि मागे कार बायको चालवत होती. शेजारी डॉक्टर चामड्याच्या पोशाखात, दंडावर पांढरी पट्टी तशीच. ती ते बोटाने वरखाली सरकवत होते.

"तुला हेच हवं होतं," शेवटी डॉक्टर म्हणाले.

"होतं. सकाळपर्यंत."

"मग?"

"मग कोपर दिसला."

"दिसला तर दिसला. न दिसल्यासारखं करता आलं असतं."

"तुला करता येतं? रोगी नुसता दात साफ करायला आलाय, आणि मागे किडलेली दाढ दिसली, तर गप्प बसतोस?"

डॉक्टरांनी खिडकीबाहेर बघितलं. "नाही," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "तिन्ही वेळा ताठ होता?"

"तिन्ही वेळा. आधी खांदा वर येतो, मग कोपर जातो."

"आधी खांदा?"

"हो. पोट घट्ट ठेवलंस तर बहुतेक येणार नाही. बघायला पाहिजे."

एवढ्यात तिचा फोन वाजला. तिने कार रस्त्याच्या कडेला घेतली. विमावाले होते.

"काय झालं, वहिनी? मिळाली का पट्टी?"

"नाही मिळाली."

"अरेरे," विमावाले म्हणाले. त्यांना आवाजातला आनंद काही आवरला नाही. "वाईट वाटलं ऐकून. मग मी संध्याकाळी किल्लीसाठी येऊ का? जागा झाडून ठेवलीय मी. वरून झाकायला नवीन कापडही आणलंय."

"गाडी इतक्यात द्यायची नाहीये."

"असं कसं? आपलं ठरलं होतं."

"ठरलं होतं खरं. पण काम अर्धवट राहिलंय, आणि अर्धवट माल मी बाहेर जाऊ देत नाही."

विमावाले घाबरले. "बिघाड निघाला का काही? इंजिनात?"

"गाडीत नाही हो."

"मग कशात?"

तिने शेजारी बघितलं. डॉक्टरांनी हवेतच हँडल धरलं होतं. पोट घट्ट करून ते डावा कोपर वाकवत होते. तो पुन्हा ताठ होत होता, ते पुन्हा वाकवत होते.

"वहिनी? मी किती दिवस थांबू मग?"

"थांबू नका," ती म्हणाली. "तुम्ही आपली दुसरी बघा."